खुराड्याची खिटी

“बंद!” मिस्त्री परसातून ओरडले.

“ऐकलं!” मावशींनी ओट्यापाशी उभं राहून उत्तर दिलं, आणि मग सहज खिडकीबाहेर पाहिलं.

खुराड्याचं दार उघडं होतं. किलकिलं नव्हे, चांगलं हातभर उघडं. आणि त्या दाराकडे पाठ करून मिस्त्री, काम हातावेगळं केलेल्या माणसाच्या संथ समाधानाने, फडक्याला हात पुसत घराकडे येत होते.

मावशींनी डोळे मिटून पुन्हा उघडले. तिन्हीसांजेचा उजेड कधी कधी नसलेलंही दाखवतो. पण दाराच्या काळोख्या चौकटीत भोपळी कोंबडीची पांढरी शेपूट तशीच हलत होती.

“सगळ्या आल्या आत?” मिस्त्री पायरी चढताच त्यांनी विचारलं.

“सगळ्या. मास्तरीण तेवढी नखरे करत होती. जाईन तर सगळ्यांच्या शेवटी, म्हणे. नेली उचलून.”

“आणि दार?”

“दाराचं काय?”

“काही नाही.”

“अगं, आत्ता तर ओरडलो. कान काय कुणाच्या झंपरात शिवून टाकलेस?”

मिस्त्री हसले आणि मावशीही हसल्या. विनोद उष्टा ठेवायची त्या घरात रीत नव्हती. मग सालींची बादली उचलून, “खताच्या खड्ड्यात टाकून येते,” असं म्हणत त्या परसात गेल्या, दार लोटलं, खिटी फिरवली आणि परत आल्या. मिस्त्रींनी मान वर करूनही पाहिलं नाही. ते नातीच्या बाहुलीचा निखळलेला हात बसवण्यात गढले होते. तो हात त्यांनी इतक्या नेमकेपणाने बसवला, की मावशींना आपण नुकतंच पाहिलेलं दार खोटं वाटू लागलं.

‘बंद’ आणि ‘ऐकलं’ हे शब्द त्या घरात लिफ्टच्या कामातून आले होते. मिस्त्रींचं सगळं आयुष्य उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरींत गेलं होतं, जिथे दोर, वजनं आणि माणसं एकाच भरवशावर लोंबकळत असतात. एकजण वर, विजेच्या खटक्यापाशी. दुसरा खाली, यंत्रात हात घालून. वरच्याने वीज तोडून ‘बंद!’ म्हणायचं, खालच्याने ‘ऐकलं!’ म्हणायचं, आणि उत्तर येईपर्यंत वरच्याने खटक्यावरचा हात काढायचा नाही. “लिफ्ट दोरावर चालत नाही, या दोन शब्दांवर चालते,” असं मिस्त्री नव्या पोरांना सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसात कोंबड्या पाळल्या, खुराडं स्वतः बांधलं, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या तोंडून सवयीने हाळी गेली. शिवणयंत्रावरून मान न उचलता मावशींनी उत्तर दिलं. तेव्हापासून त्या दोन शब्दांशिवाय त्या घरात दिवस मावळला नव्हता.

खुराड्याची खिटी म्हणजे मधोमध खिळा मारलेली बोटभर लाकडाची पट्टी. आडवी केली की दार बंद, उभी केली की मोकळं. पोलादी दारांशी जन्मभर झुंजलेल्या माणसाने कोंबड्यांसाठी एवढंसं लाकूड लावावं, याचं मावशींना हसू येई. “अगं, तो काय तुरुंग आहे?” मिस्त्री म्हणत. “झोपायची खोली आहे ती.”

त्या संध्याकाळनंतर दार पुन्हा तसं सताड राहिलं नाही. मिस्त्री ते लोटत. दमटपणाने फुगलेलं लाकूड चौकटीत रुतून बसे, आणि लांबून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटे. फक्त खिटी उभी असे. आधी कधीमधी, मग एक दिवसाआड, मग रोजच. ‘बंद!’ मात्र ठरल्या वेळी, खणखणीत. मावशींना भय वाटे ते त्या उभ्या खिटीचं नव्हे, त्या खणखणीत आवाजाचं. चुकणाऱ्या माणसाचा आवाज चाचरायला हवा. हा चाचरत नव्हता. ज्या जागी काही तुटलं होतं, तिथे त्यांना काही तुटल्याचं जाणवतच नव्हतं. पायरी नसलेल्या जिन्यावर माणसाने निःशंक पाऊल टाकावं, तसं.

त्या ‘ऐकलं!’ म्हणत, बादली उचलत, परसात जाऊन खिटी आडवी करत. साली नसल्या तर पालेभाजीची दोन चांगली पानं बादलीत टाकून जात. सुईत दोरा ओवताना त्यांना फारसं पाहावं लागत नसे. पुष्कळशी कामं त्यांची बोटं परस्पर उरकत. हेही काम बोटांनी असंच हळूहळू आपल्याकडे घेतलं. डोळे तिथे नसतच. डोळे अंधारात, कुंपणापलीकडे, दुसरंच काही शोधत असत.

लेकीला सांगायला हवं होतं. लेक इस्पितळात परिचारिका, जावई दूरच्या बंदरावर कामाला. त्यांची मुलगी टिकली शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत आजीआजोबांकडे असे, आणि आईची रात्रपाळी असली की रात्रीही. शाळेतून तिला आणायचं काम मिस्त्रींचं होतं. वाटेत मोठा रस्ता होता. “परक्याच्या हातात हिला द्यायला माझा जीव होत नाही, आई,” लेक म्हणे. “बाबांकडे दिली की मी निर्धास्त.” तो शब्द ऐकला की मावशींच्या ओठांवर आलेलं वाक्य परत आत जाई. सांगितलं तर टिकलीचं येणं थांबेल. आणि टिकली थांबली तर मिस्त्रींच्या दिवसाला उठायचं कारण उरणार नाही. न सांगितलं तर? खिटी विसरणारा माणूस एखाद्या दिवशी, रस्त्याच्या ऐन मध्यावर, आपल्या हातात एक लहान हात आहे हे विसरेल का? हा प्रश्न त्या मनातही पुरता उच्चारत नसत. तो अर्धाच येई आणि त्या उठून काहीतरी धुवायला घेत.

शेजारचा पोस्टमन एके दुपारी सामाईक भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला.

“मावशी, कोंबड्यांवर लक्ष ठेवा हो. आमची बदकं गेली.”

“गेली? कुठे गेली?”

“पत्ता ठेवून गेली असती तर मीच पोचवलं नसतं का काही?” विनोद करताना त्याचा चेहरा रडवेला झाला होता. “धड खाल्लंसुद्धा नाही हो त्याने. नुसत्या माना... मांजर नव्हे ते. मांजर चोर असतं, नेतं आणि गप बसतं. हे काहीतरी वेगळंच आहे.”

“आमच्याकडे फिरकायचं नाही ते,” मिस्त्री दाणे टाकता टाकता म्हणाले. “रोज माझ्या हाताने बंद करतो मी.”

“तुमचं काय मिस्त्री! तुम्ही लावलेलं दार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

मावशींनी पिळून झालेल्या चादरीला उगाच आणखी एक पीळ दिला.

त्याच आठवड्यात एकदा टिकलीला घेऊन मिस्त्री वेळेवर आले नाहीत. मावशी आधी खिडकीत गेल्या, मग दारात, मग पायात चपला न घालता कोपऱ्यापर्यंत. रस्ता रोजच्यासारखाच वाहत होता. त्याचं ते रोजच्यासारखं असणंच त्यांना क्रूर वाटलं. एक गाडी कर्कश थांबली. मग भलत्याच दिशेने, बाजाराच्या अंगाने, दोघं आले. टिकली पुढे, ऐटीत. मिस्त्री मागे, दप्तर गळ्यात अडकवून.

“इतका उशीर?” मावशींचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

“आजी, आम्ही खेळ खेळत आलो!” टिकली म्हणाली. “आजोबा विचारतात, आता कुठं वळायचं? मग मी सांगते. मी सगळं बरोब्बर सांगितलं. एकदाच चुकले.”

“फार हुशार झालीय तुझी नात,” मिस्त्री म्हणाले आणि मोठ्याने हसले. हसताना त्यांनी मावशींकडे पाहिलं नाही. दप्तर खुंटीला लावताच त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

दुसऱ्या दिवसापासून मावशीही शाळेपर्यंत जाऊ लागल्या. “गुडघे आखडलेत. चालायला हवं,” असं त्या म्हणाल्या. “चल की,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि ती ऐकून मावशींचं भय दुप्पट झालं.

लेकीची रात्रपाळी होती त्या संध्याकाळी टिकली राहायलाच आली होती. कोंबड्या आत घालायला ती आजोबांबरोबर परसात गेली. मावशींनी दूध तापत ठेवलं होतं. वाफेने खिडकीची काच आंधळी झाली होती आणि ती पुसावी असं त्यांना वाटलं नाही. हल्ली त्या मुद्दाम बाहेर पाहत नसत. रोज तेच पाहण्यापेक्षा मागाहून जाऊन दुरुस्त करणं सोपं होतं.

“बंद!” आजोबांच्या आवाजात नातीचा चिरका आवाज मिसळला होता.

“ऐकलं!”

दोघं हसत आत आली. मावशींनी बादली उचलली. बाहेर वारा पडला होता. पेरूचं झाड श्वास धरून उभं असल्यासारखं निश्चल होतं, आणि पोस्टमनच्या अंगणातलं बदकांचं रिकामं खोकं अंधुक दिसत होतं. मावशींची नजर त्या खोक्यावर खिळली. हात नेहमीप्रमाणे चौकटीवर गेला. खिटी आज थोडी जड फिरली. आतून टिकली ओरडली, “आजी, दूध वर येतंय!” आणि त्या लगबगीने आत वळल्या.

सकाळी मावशींना जाग आली ती कोंबड्यांच्या आवाजाने नव्हे, तो आवाज नव्हता म्हणून.

दारातूनच पिसं दिसू लागली. परसभर, कुंपणाच्या काट्यांवर, धुतलेल्या कपड्यांच्या दोरीवर सुद्धा. मिस्त्री खुराड्यासमोर पालथ्या बादलीवर बसले होते. भोपळी त्यांच्या पायाशी होती. तिच्या अंगावर त्यांनी आपलं फडकं घातलं होतं. बाकीच्या आत होत्या. तिथे फडकं पुरलं नसतं. पेरूच्या वरच्या फांदीवर मास्तरीण तेवढी एकटी, अंग चोरून, एका डोळ्याने खाली पाहत बसली होती.

मावशींनी खिटीकडे पाहिलं. ती उभी होती.

त्या क्षणी डोळ्यांना नव्हे, बोटांना आठवलं. खिटी जड फिरली होती. उभी सैल असे, आडवी घट्ट बसे. सैल खिटी फिरवायची सवय झालेल्या बोटांनी घट्ट खिटी फिरवली होती. म्हणजे काल ती आडवी होती. रोज चुकणाऱ्या माणसाने काल बरोबर केलं होतं, आणि त्याची चूक दुरुस्त करायला गेलेल्या हाताने दार उघडून दिलं होतं.

मागचं फाटक वाजलं. लेक पाळी संपवून टिकलीला न्यायला आली होती; अंगावर अजून इस्पितळातला पांढरा पोशाख. ती दोन पावलं आली आणि थांबली. टिकलीही झोपेतून उठून मावशींच्या पाठीमागे येऊन उभी राहिली होती.

“दार लावलं होतं ना संध्याकाळी?” लेकीने विचारलं.

“लावलं होतं की,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी मान वळवून उभ्या खिटीकडे बराच वेळ पाहिलं. “नाही. विसरलो असणार मी.”

“नाही विसरले आजोबा!” टिकली रडत ओरडली. “मी होते ना तिथे! मी म्हटलं, आजोबा, आडवी करा, मग त्यांनी केली. मी सांगितलं की ते बरोब्बर करतात.”

लेक पोरीकडे वळली. “तू सांगितलंस म्हणून केली?”

“यांनी लावलं होतं,” मावशी घाईने म्हणाल्या. “दार मी उघडलं.”

“तू? तू कशाला उघडशील?”

“उघडायला नव्हे गं. लावायला गेले होते.”

“लावलेलं दार लावायला?”

“मला वाटलं, उघडं असेल.”

“का वाटलं, आई?”

प्रश्न साधा होता आणि विचारणारीच्या आवाजात रागही नव्हता. मावशींनी उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की उत्तराचा प्रत्येक शब्द मिस्त्रींच्या अंगावर जाऊन पडणार आहे. कालच्या एका संध्याकाळपुरतं त्यांना निर्दोष ठरवायचं, तर आधीच्या सगळ्या संध्याकाळी उघड्या कराव्या लागणार होत्या. त्या गप्प राहिल्या. पण गप्प राहणं हेही त्या परसात आता पुरेसं मोठ्याने बोलणं होतं.

मिस्त्रींनी पत्नीकडे पाहिलं. मग ज्या बादलीवर ते बसले होते तिच्याकडे.

“म्हणून ती बादली,” ते हळूच म्हणाले. “मी म्हणायचो, दोन माणसांच्या घरात रोज एवढ्या साली येतात तरी कुठून.”

मास्तरीण फांदीवर सरकली. एक पान गळून खाली आलं.

लेक वडिलांच्या शेजारी जमिनीवर उकिडवी बसली. आजाऱ्याच्या खाटेशी बसावं तशी, सवयीने. “बाबा, आपण डॉक्टरांना दाखवू या.”

“दाखवू.”

“सोमवारी मला सुट्टी आहे.”

“बरं.”

मग ती आत गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात टिकलीचं दप्तर होतं, आणि खुंटीवरचा जादा फ्रॉकही. तो फ्रॉक त्या खुंटीवर कायम असे. सांडलवंड झाली की असावा म्हणून मावशींनीच शिवलेला. लेकीने तो घडी न करताच पिशवीत घातला. “मी थोडे दिवस रजा घेते,” ती मावशींच्या नजरेला नजर न देता म्हणाली. “मग बघू.”

“आजोबा, शाळेत घ्यायला येणार ना?” टिकलीने फाटकातून विचारलं.

“आईला विचार हं,” मिस्त्री म्हणाले.

दिवसभर मिस्त्रींनी पेरूखाली खड्डा खणला. मावशींनी पिसं वेचली. दोरीवरची, काट्यांवरची, पायरीच्या फटीतली. एकमेकांना त्या दोघांनी दोष दिला नाही. तसा तो देता आला असता तर बरं झालं असतं. दोष कुठेतरी ठेवता तरी आला असता.

उन्हं उतरली तशी मास्तरीण झाडावरून खाली आली. खुराड्याच्या दारापुढे मान ताठ करून घुटमळली आणि शेवटी, पुढे कुणीच नसताना, आपली नेहमीची शेवटची जागा राखून आत गेली. मिस्त्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते.

“आज तू जा,” ते म्हणाले.

“दोघं जाऊ.”

“दोघं एका जागी उभे राहिले की हे काम होत नसतं. एकाने तिथे, एकाने इथे. तू बंद म्हण. मी ऐकलं म्हणतो.”

“मला नाही असं ओरडता येत.”

“मग जन्मभर माझ्यावर कोण ओरडत होतं?”

मावशी हसल्या. विनोद उष्टा राहिला नाही. हसू ओठांवर तसंच वाळत असताना त्या परसात उतरल्या. हातात बादली नव्हती, त्यामुळे दोन्ही हात एकदम उघडे, पोरके वाटत होते. अंधार कुंपणाच्या बुडाशी साचू लागला होता आणि त्यात कुठेतरी ते काहीतरी असणारच होतं. चटावलेलं, धीराचं, वाट ओळखीची झालेलं. त्यांनी दार लोटलं. खिटी आडवी केली. वाकून, डोळे अगदी जवळ नेऊन पाहिली. बोटाने चाचपली. दार ओढून पाहिलं. पुन्हा खिटी पाहिली. आडवी म्हणजे बंद. हे त्यांनी मनाशी एकदा म्हटलं, आणि म्हणावं लागलं याचीच त्यांना धास्ती वाटली. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मिस्त्री इथे उभे राहत, आणि ओरडण्याआधी त्यांनाही असं काही वाटत असेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

“बंद!” त्या ओरडल्या. आवाज फाटला.

घरातून उत्तर आलं नाही.

आत मास्तरणीने पंख झटकले आणि ती स्थिर झाली. रस्त्यावरून एक सायकल गेली. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता, उंबऱ्यात कुणी दिसत नव्हतं. उत्तर येईपर्यंत हात काढायचा नाही. मावशींनी तळवा खिटीवर दाबून धरला. लाकडाची कड हातात रुतली.

“ऐकलं!”

आवाज खणखणीत होता. एके काळी अंधाऱ्या विहिरीच्या तळातून वरच्या माणसाला धीर देत येई, तसाच.

नियमाप्रमाणे आता हात काढायला हरकत नव्हती. मावशींनी तो काढला नाही.